आमच्या खोलीतल्या चौथ्या माणसाची बदली

ती. स. दमयंतीमामींना,

सालवडहून सुजीतचा, वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (हल्ली फार वाकत नाही. वाकलो की पाठीवर कोणीतरी चढतं, अशी गेले काही आठवडे सवय झाली होती.)

तुमचा गुडघा आता बरा असावा. मामांचा खोकला, वाडीतले चिकू आणि गोठ्यातली म्हैस यांचीही खुशाली कळवावी. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. मागच्या वेळी "कुत्रा काढ, नायतर पोरगी विसर" एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात. कागदाला ती सोय नाही. माझ्या खोलीत राहणारा विश्राम उद्या सुट्टीवर तुमच्याच बाजूला निघालाय, त्याच्या हाती हे देतो.

मुद्द्याचं आधी सांगून टाकतो. कुत्रा काढला. चांगल्या घरी दिला. तो आता माझ्या खोलीत नाही, हे मी देवाची शपथ घेऊन लिहितो. तेव्हा रविवारी वाणगावला मुलीच्या, म्हणजे पूर्वीच्या, वडिलांकडे, नरहरीकाकांकडे, पुढच्या बोलणीसाठी तुम्ही निर्धास्त जावं. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण वाचा, कारण हे सगळं तुमच्यामुळेच झालं. तुम्ही मला एकाच हंगामात दोन स्थळं आणलीत, एक पूर्वी आणि दुसरं तुमच्या गोठ्यात जन्मलेलं पिल्लू. मुलगी दाखवण्याआधी पत्रिका पाहिलीत, गोत्र विचारलंत. पिल्लू मात्र "ने रे, एकटा हाय तू, सोबत होल" म्हणत थेट चिकूच्या करंडीत घालून दिलंत. (मी एकटा नाही, खोलीत आम्ही तिघं राहतो, हे तुम्हाला अनेकदा सांगून झालं होतं.)

तिघांच्या पाळ्या तीन आणि कंपन्याही तीन. मी, विश्राम आणि गोरखपूरचा रामू. एक जण कामावर, एक झोपलेला आणि एक जागा, त्यामुळे खोलीला कुलूप लावायची वेळच येत नाही. कुत्रा पाळायला याहून योग्य घर सालवडच काय, अख्ख्या बोईसरात सापडणार नाही, असं मला वाटलं. आमच्या प्लांटमध्ये नियम असा, की बदली माणूस आल्याशिवाय आणि त्याला चार्ज दिल्याशिवाय कोणी जागेवरून हलायचं नाही. कुठला पंप चालू आहे, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, सगळं सांगायचं आणि मगच बस पकडायची. आम्ही ठरवलं, पिल्लाचाही असाच चार्ज द्यायचा. पण मामी, पाळी संपवून आलेला माणूस चार्ज देताना एकच शब्द बोलतो, "नॉर्मल". रामू "सब नॉर्मल" म्हणून आडवा व्हायचा, विश्राम "नॉर्मल हाय" म्हणून अंघोळीला जायचा, आणि मीही त्यातलाच. पिल्लू जेवलं की नाही, हे त्या नॉर्मलमध्ये कुठे येणार? मग आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही ते तोंड पाहिलंय. आठवडाभर अन्न न मिळाल्यासारखं ते दिवसभर असतं. तिघंही त्याला पोटभर वाढायचो आणि बाकीचे दोघं कसे निर्दयी आहेत, याबद्दल मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो. महिन्याभरात पिल्लू असं गोल झालं की उंबऱ्यावर पोट टेकून अडकायला लागलं. गुरांच्या डॉक्टरांनी त्याला हातात उचललं आणि आमच्याकडे पाहून विचारलं, की घरात बाईमाणूस नाही का? तेव्हा कुठे तिघांनी समोरासमोर बसून चौकशी केली. विश्राम ओरडला, "अरे मी भरवतो, तू भरवतो, तो पण भरवतो, मंग उपाशी कोण हाय?" उपाशी आम्हीच होतो. आमचा भात पिल्लूच संपवायचं.

माझ्या नोकरीवर परिणाम झाला नाही असं म्हणता येणार नाही. एकदा सेफ्टी शूज शोधायला गेलो तर एका बुटाची पुढची लोखंडी वाटी तेवढी सापडली, बाकीचा बूट त्याने पचवला होता. गेटवर चपलेत पाहून सुरक्षारक्षकाने परत पाठवलं. मित्रमंडळींचं म्हणाल तर ती आपोआप कमी झाली. दर्पणच्या हळदीला मी ऐन वाजपाच्या वेळी, सगळे बँडवर नाचत असताना, उठून आलो, कारण पिल्लाचा चार्ज घेणाऱ्याला बस मिळेना. तेव्हापासून तो मला लग्नांना बोलावतो, पण "तू थांबणार नसशीलच" असं आधीच म्हणून ठेवतो. मला त्याचं वाईट वाटतं, पण बरंही वाटतं.

आता वाणगावच्या त्या दिवसाचं. तुम्ही तिथे होतात, पण तुम्हाला दिसली ती एकच बाजू. त्या दिवशी विश्राम गावी आणि रामूचा बदली माणूस न आल्याने रामू कंपनीत अडकलेला. पिल्लाचा चार्ज घ्यायला कोणी नाही. शेवटी घरमालकीणबाईंच्या हाती देऊन निघालो. इकडे पूर्वीने पोह्यांची बशी पुढे केली आणि तिकडून बाईंचा फोन, की हे रडून घर डोक्यावर घेतंय, तुम्हीच समजवा. मी बशी ठेवून मागच्या विहिरीपाशी गेलो. बाईंनी फोन पिल्लाच्या कानाला लावला. मी त्याला म्हणालो, "रडू नको रे राजा, आलोच मी. माझं इथे मन लागत नाही, तुझ्याशिवाय आहे कोण मला?" मागे वळून पाहतो तर हातात तांब्या घेऊन नरहरीकाका उभे. त्यांच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी घाईघाईने सांगितलं की दुसरी-तिसरी कोणी नाही हो, कुत्रा आहे. त्यावर त्यांचा चेहरा जास्तच उतरला. म्हणाले, "दुसरी पोरगी असती तर आमी तुला समजावला असता. कुत्र्यासाठी जो पोह्यांवरून उठतो त्याला काय सांगायचा?" आणि त्याच संध्याकाळी तुमच्याकडे निरोप आला, की आधी कुत्रा काढा, मग बोलू.

तर काढला. घर चांगलं आहे, अंगण आहे, मिरचीची वाडी आहे, आणि वाढणारं माणूस एकच आहे. त्याला बरं पडेल. खोली आता स्वच्छ आहे, बूट जागच्या जागी असतात आणि तिघांनाही भात पुरतो. मी कामावरून येतो, दार ढकलतो, आणि कोणी अंगावर येत नाही. खरं सांगू का मामी, मला अजिबात करमत नाही. पूर्वीही मला मनापासून आवडली आहे, हेही लिहून ठेवतो. दोघांतलं एक निवडायला सांगितलंत म्हणून निवडलं, एवढंच.

मामांना नमस्कार. म्हशीला माझ्या वतीने थोपटावं.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी तरी),
सुजीत

ता. क. पिल्लू कोणत्या घरी दिलं ते लिहायचं राहिलं. पूर्वी बोईसरला दवाखान्यात कामाला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या आठवड्यात ती सालवडला आली आणि दारातूनच म्हणाली, "ज्याच्यासाठी मला टाकून गेलात तो कुठे हाय, बघू." त्यानंतर ते दोघंच बोलत होते. जाताना तिने त्याला ओढणीत गुंडाळून नेलं. घरी सांगितलं, की आमच्या डॉक्टरांचं आहे, थोडे दिवस सांभाळायचंय. नरहरीकाकांनी डॉक्टरांच्या भिडेखातर ठेवून घेतलं. माझा कुत्रा त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

ता. क. २. तेव्हा रविवारी वाणगावच्या अंगणात एक पिल्लू धावत येऊन तुमच्या पदराला लोंबकळेल. कृपा करून त्याला ओळख देऊ नका. "शी, कुणाचं हे?" असं म्हणा. तुम्हाला जड जाईल, पण म्हणा. आणि पिशवीत सुकट नेऊ नका.

ता. क. ३. खरं काम हे आहे. पूर्वीचा आत्ताच फोन येऊन गेला. नरहरीकाका पिल्लाला मांडीवर घेऊन मिरच्या निवडतात आणि डॉक्टरांना परत द्यायचं नाव काढलं तर जेवत नाहीत. माझा कुत्रा गेल्याचं ऐकून लग्नाला मात्र त्यांनी आनंदाने होकार दिलाय. म्हणजे मुलगी द्यायला ते तयार आहेत, कुत्रा द्यायला नाहीत. तरी देण्याघेण्याचा विषय निघाला की तुम्ही म्हणा, की आम्हाला मानपान नको, भांडी नको, आहेर नको, नारळ आणि मुलगी पुरे. मग जरा थांबून, सहज सुचल्यासारखं, अंगणातल्या त्या पिल्लाकडे बोट दाखवा.