इमारत रिकामी आहे

रविवार, दि. १४

चि. बारक्यास,

दादाचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. वहिनीची कंबर बरी आहे, माझा खोकला आहे तसाच. तू पाठवलेलं खोकं पोचलं, टीव्हीला जोडलं आणि तुमच्या कंपनीचा तो खेळही पाहिला. कसा वाटला म्हणून तू फोनवर दोनदा विचारलंस. फोनवर मला शिव्या नीट देता येत नाहीत, म्हणून लिहितोय.

अरे, काय तो राक्षस! पालीचं आणि बेडकाचं लग्न लावून काढलेलं पोर. शेपटी फिरवली की बारा मजले भुईसपाट. पाडकामावर मुकादम म्हणून तीस वर्षं घालवली मी, इमारत अशी पडत नाही. आधी दारं-खिडक्या उतरवायच्या, मग मशीन लावायचं, तेही वरून खाली. तुमच्या इमारतींत ना सळई, ना पाइप. धूळसुद्धा नाही! धुळीशिवाय पाडकाम, वा रे शहाणे. तुमच्यातल्या एकाने तरी जन्मात भिंतीला हातोडा लावलाय का?

वहिनीला मात्र भलताच आवडला. गॅसवरची भाजी विसरून बसते आणि टॉवर पाडला की खूश होते.

तिसऱ्या फेरीत ती चार मजली पिवळी इमारत येते. दारात स्टुलावर वॉचमन डुलक्या घेतोय. राक्षस आला की तो दचकून उठतो आणि इमारत रिकामी आहे म्हणून हात हलवतो. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावर एक बाई दोरीवरचे कपडे काढायला येते. मग धडाम. वॉचमनची टोपी उडते, पिपाणी वाजते, पन्नास गुण जास्तीचे. वहिनी हसली. मी उठून बाहेर गेलो.

लाज नाही वाटली तुला? माझ्या साइटवरच्या त्या अपघाताच्या पेपरात चार ओळी आल्या होत्या, पण त्या बाईच्या कपड्यांचं मी फक्त तुला सांगितलं होतं. सख्खा भाऊ म्हणून सांगितलं आणि तू त्याचा तमाशा केलास.

चार दिवस मी ती इमारत चुकवायला बघतोय. राक्षस नदीकडून नेला, पुलावर नुसता उभा करून ठेवला. पण ती पाडल्याशिवाय तुमची पुढची फेरी उघडतच नाही. कसला भिकार नियम आहे हा!

बरं, आता मुद्द्याचं. तुला सांगितलं होतं तेही खोटं होतं. वॉचमन झोपला नव्हता. इमारत रिकामी आहे असं तो म्हणालाच नाही, कारण मी त्याला विचारलंच नाही. मशीन सुरू व्हायच्या आधी मुकादमाने स्वतः जिना चढून प्रत्येक दार ठोठावायचं असतं. त्या दिवशी मला कंटाळा आला. बस, एवढंच. मी खालूनच मशीनवाल्याला शिट्टी मारली आणि बाई ढिगाऱ्याखाली गेली. चौकशीत मी सगळं वॉचमनवर ढकललं. त्याची नोकरी गेली, पुन्हा कुणी त्याला दारात उभं केलं नाही. तुला तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? खोटं माझंच आहे, तू फक्त त्याला पिपाणी लावलीस.

काल त्याच्याकडे गेलो. गोदामात पोती शिवतो. सगळं सांगितलं, तो दाभण चालवत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे, मुकादम. मी जिन्याशीच उभा होतो."

मी विचारलं, मग तेव्हा का नाही बोललास?

"बोललो होतो," तो म्हणाला. "लिहून कुणी घेतलं?"

उद्या जाऊन लेखी जबाब देणार आहे. परवाना जाईल, बहुतेक मीही आत जाईन. वहिनीला सांगितलंय. कालपासून तिने तो खेळ लावलेला नाही, आणि तिचं बरोबर आहे.

तुम्ही लोक खेळातल्या दुरुस्त्या घरबसल्या पाठवता म्हणे. तेवढं एक कर. त्या माणसाला स्टुलावरून उठव आणि तिथे मला बसव. माझे फोटो आहेत तुझ्याकडे, टक्कल नीट काढ. डोक्यावर मुकादमाचं पिवळं हेल्मेट दे, म्हणजे कुणाला हसायचं ते लोकांना कळेल.

दादा