महादूभाऊंची परवानगी

मंगळवार, चामोर्शी

मोहफूल घ्यायले उद्या कोणत्या गावी जायचं, हे आम्ही ऑफिसच्या चॅट सर्व्हरवर बंद रूममध्येच बोलतो. तरी आजही एका व्यापाऱ्याची निळी गाडी आमच्या आधी पोचली. त्या व्यापाऱ्यानं सगळा माल उचलला. मले दिवाकरचा संशय; एटापल्लीचं खरेदी केंद्र तोच पाहते. विचारलं, तर म्हणे, "सर्व्हरवरच्या परवानग्या पाहा ना, भाऊ."

पाहिल्या. कोणत्याही रूममध्ये शिरायची परवानगी एटापल्ली केंद्रातल्या थोरल्या महादूभाऊंले! मीच दिलेली. वडीलधाऱ्याचं नाव यादीत खाली कसं ठेवायचं, म्हणून. भाऊ तर मोबाईलले हातही लावत नाईत.

दिवाकरले विचारलं, "त्यांचा फोन कुठी राह्यते?"

"केंद्रात, वजनकाट्याजवळ उघडाच पडून राह्यते. निळ्या गाडीवाला रोज तिथीच चहा पेते."

परवानगीच्या यादीतून भाऊंचं नाव काढून टाकलं. पण दिवाकरले हे ठाऊक होतं, तर मी विचारेपर्यंत गप काऊन राह्यला?