डब्यातला फोन, खिशातला फोन

माय,

तुझ्यावर राग आला आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता त्या बिचारीवर काय रागावता, असं तुझी सून म्हणते. पण रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही आणि घरात ओरडावं असं कोणी उरलं नाही. सुनेवर ओरडलो तर ती दुप्पट ओरडते. म्हणून पॉवर स्टेशनातली पहिली पाळी करून आलो, कूलर लावला आणि तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं हे एका अर्थी बरंच आहे, मनात येईल ते लिहिता येतं.

तुझी नात आता वनरक्षक झाली आहे. तू गेलीस तेव्हा ती इथं ऊर्जानगरच्या बालवाडीत जात होती आणि रोज डबा तसाच परत आणत होती, आता खाकी घालून गडचिरोलीच्या जंगलात एकटी राहते. एकटी म्हणजे गावात सरकारी क्वार्टर आहे आणि गस्तीला सोबत एक वनमजूर भाऊ असतात, माझ्याच वयाचे. पण तिकडे वाघ आहे. उन्हाळ्यात जागोजागी आग लागते, आणि मोहाला, तेंदूपानाला पहाटेपासून माणसं रानात शिरतात. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, 'पोहोचले बाबा' म्हणते, मग मी ताटावर बसतो. गेल्या आठवड्यात दोन संध्याकाळी फोन आला नाही. मी लावला तर बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. रविवारी सकाळीच गाडीला किक मारली आणि निघालो. मे महिन्याचं आपल्या चंद्रपूरचं ऊन, डोक्याला शेला बांधला होता तरी हँडल धरवत नव्हतं. रस्ताभर मनात काय काय आलं ते तुला सांगत नाही.

पोहोचलो तर ही बाई अंगणात कपडे धूत बसलेली. "अगा बाबा! इतक्या उन्हात काऊन आले?" जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याबरोबर मला राग आला. फोन कुठं आहे म्हटलं. तिनं खिडकीकडे बोट केलं. तिथं तिचा कॉलेजातला जुना फोन पडला होता, काच तडकलेली, मागचं झाकण रबरानं आवळलेलं, दुपारपर्यंत बॅटरी संपते असा. तो दोन दिवस बंद पडला होता एवढीच गोष्ट. "अन् मी दिवाळीले घेऊन देल्ला तो?" तिनं कपाट उघडलं. कपड्यांच्या खाली खोका, खोक्यात फोन, फोनाभोवती ओढणी. काचेवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

माय, तळपायाची आग मस्तकात गेली. हे तिला कोणी शिकवलं? तुझ्या मांडीवर ती फार तर तीन-चार दिवाळ्या बसली असेल. रक्तातून येतं का हे?

कारण तू जन्मभर हेच केलंस. तुझ्या स्वयंपाकघरात दोन स्वयंपाकघरं होती. एक रोजचं, त्यात काळी पडलेली भगोणी, कान तुटलेला कप, चेमटलेला गिलास. दुसरं फळीवर, पाहुण्यांसाठी, स्टीलच्या ताटांवरचे कागद तसेच. माझ्या पहिल्या पगारातून मी मिक्सर आणला, तू त्याला हळदकुंकू लावलंस, कापडानं झाकलंस आणि पाट्यावर मिरची वाटायला बसलीस. "रोज वापरला त जळून जाईन न बाबू." पंख्याचं तेच, पाहुणा आला तरच बटन. आणि चपला? सहावीत मला नव्या चपला घेतल्या तेव्हा तू सांगितलंस, रस्त्यानं हातात धरायच्या आणि शाळेच्या फाटकाजवळ पायात घालायच्या. रस्त्यानं झिजतात म्हणे. मार्चमधल्या त्या डांबरावरून मी चपला काखेत मारून पळत जातो आहे, सावली दिसली की थांबतो आहे, पोरं हसताहेत. एक दिवस मी घालूनच घरी आलो तर तू दारातच धरलंस. "पाय हाये तुले देवानं देल्ले, ते फुकटात बरे होतेत. चप्पल कोण बरी करन?" माझ्या तळव्याला फोड आले होते, ते तू रात्री तेल लावून चोळलेस. चपला मात्र दुसऱ्या वर्षी मला लहान झाल्या, आणि तेव्हाही त्या नव्याच होत्या.

हे सगळं मी हसून सांगायचो, मित्रांना, सुनेला. तुझ्या फोनाचं मात्र मला कधी हसून सांगता आलं नाही. तू कोरपन्याच्या पलीकडे गावात एकटी, बाबा गेल्यावरही कापूस-सोयाबीन सोडून माझ्याकडे यायला तयार नव्हतीस, म्हणून मी तो बटनवाला फोन आणून दिला. ओसरीवर बसून शिकवलं. दोनाचं बटन दाबून धर, सरळ मला लागतो. "एकाचं काऊन नाई?" एकाचं कंपनीचं आहे, माय. "मंग तुयी कंपनी पयली अन् पोरगा दुसरा?" किती हसलो होतो आपण. फोन चालू ठेव, कमरेला ठेव, म्हणून मी तुझ्या हातापाया पडलो. कमरेला तुझी तंबाखूची चंची होती, फोन नव्हता. तू तो बंद केलास, पिशवीत घातलास, पिशवी डब्यात आणि डबा धान्याच्या कोठीवर. एका दुपारी तुझ्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकू शेतातून आल्या तोवर ऊन उतरलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा तू डब्याकडे हात केलास म्हणे. त्यांना तो फोन सुरू करता आला नाही, त्या चौकातल्या पीसीओपर्यंत पळत गेल्या. मी जीप करून आलो तेव्हा तुझं तोंड झाकलेलं होतं. दोनाचं बटन, माय. दाबून धरायचं होतं फक्त.

म्हणून मी तुझ्या नातीवर ओरडलो. तुझ्यावर ओरडता आलं नव्हतं ते सगळं मिळून ओरडलो. वस्तू वापरायला असते, पूजेला नसते, जीव गेल्यावर खोका घेऊन काय चाटायचं आहे, असं बरंच काही. ती हातातला पिळा तसाच धरून ऐकत होती. मग म्हणाली, "झालं बाबा? आता माह्यं आयका."

तिचं म्हणणं तुला आवडलं असतं. नोकरी लागली तेव्हा मी तिला पहिला नवा फोन घेतला होता, तो तिनं रोजच वापरला. चंद्रपूरच्या दुकानात मीच गेलो होतो. दुकानदार आमचा ओळखीचा, त्याच्या अब्बांच्या काळापासून, तेव्हा ते घड्याळं विकत. त्यानं माझ्यासमोर फोन काउंटरवर आपटून दाखवला. "देखो भाऊ, काई झालं? आता पाण्यात टाकू?" दुकानात चार माणसं होती, लगेच वाद सुरू. एक म्हणे, पहिलेचे फोन म्हणजे दगड, छतावरून पडले तरी उचलून हॅलो म्हणा. दुसरा म्हणे, तेव्हा त्यात होतं काय फुटायला, आताची काच विमानाच्या काचेसारखी आहे. तिसऱ्यानं खिशातून आपला फोन काढून दाखवला, जाळं झालेला, विमानाच्या काचेसारखाच होता म्हणे. शेवटी दुकानदारानं तोच फोन पुसला, वर एक काच चिकटवली, मागून जाड रबराचं कव्हर चढवलं. मी म्हटलं, "एवढा मजबूत हाये त मंग त्याले स्वेटर काऊन घालता?" तो हसला. "मजबूत हाये भाऊ, पण जपा लागते." माय, हे वाक्य तुझ्या तोंडचंच की! जपूनच वापरायचा तर तो मजबूत कशाला म्हणायचा?

तो फोन पावसाळाभर टिकला, खोटं कशाला बोलू. उन्हाळा आला आणि नखरे सुरू झाले. दुपारी आगीचा फोटो काढायला काढला की पाटी यायची, फोन गरम झाला आहे, थंड होऊ द्या. समोर रान पेटलेलं आहे, साहेबांना फोटो आणि ठिकाण पाठवायचं आहे, आणि हे महाराज थंड होताहेत. वनमजूर भाऊंनी तो ओल्या दुपट्ट्यात गुंडाळला, आपण पाण्याची बाटली गुंडाळतो तसा. थंड झाला, कायमचा. सर्व्हिस सेंटरवर मी गेलो तर टाय लावलेला पोरगा म्हणतो, आत ओल गेली आहे, वॉरंटीत बसत नाही. मग पाण्यात टाकायचं कोण म्हणत होतं? तर ते साधं पाणी, नव्या फोनाला, वगैरे. मी म्हटलं, गरम काऊन झाला? त्यानं पुस्तिका काढून बारीक अक्षरं दाखवली. पस्तीस डिग्रीपर्यंत वापरावा. पस्तीस! अरे बाबा, इथं मार्च ते जून पस्तीस सकाळी चहाच्या वेळेला असतं. मग आमच्या लोकांनी काय चार महिने मुके राहायचं? तो म्हणाला, "काका, नियम कंपनीचा आहे, माझ्यावर कशाला ओरडता?" बरोबरच होतं त्याचं. मी बाहेर येऊन पानठेल्यावर ओरडलो. तिथल्या लोकांनी मला साथ दिली आणि पुन्हा तोच वाद सुरू केला, कोणत्या कंपनीचा टिकतो. मग दिवाळीला हा दुसरा घेतला.

तर तुझी नात म्हणाली, "पहिला रोज वापरला, म्हणून गेला. हा पण रोज नेला त पावसाळाही पायणार नाई. म्हणून ठेवला. आग लागली, वाघ गावात आला, कोणाले दवाखान्यात न्या लागलं, त हा चांगला असन."

"अन् तेव्हा तू जंगलात असशीन अन् हा कपाटात असन!"

"मंग तुमीच सांगा बाबा. कपाटातला चांगला बरा, का खिशातला मेलेला?"

पॉवर स्टेशनात इतकी वर्षं काढली, मशिनी कशा चालवायच्या ते पोरांना शिकवतो, आणि तिच्यासमोर बाजेवर बसून राहिलो. तुझी बाजू मी पहिल्यांदाच ऐकत होतो, तीही तुझ्या नातीच्या तोंडून. तुलाही असंच वाटलं असेल. हा पोरानं दिलेला आहे, रोज हाताळला तर बिघडेल, आणि ऐन वेळी कामाला येणार नाही. तू कंजूष नव्हतीस. तुला वस्तूंचा भरवसा नव्हता, आणि त्यांनीही तो कधी दिला नाही. पण हे कळलं म्हणून राग गेला नाही, माय. उलट वाढला. भरवसा नसलेली वस्तू हातात देतात, तिच्यावरच सगळं चालवा म्हणतात, आणि ती बंद पडली की तुम्हीच नीट वापरली नाही म्हणतात. माझी पोरगी वाघाच्या रानात फिरते ती असल्या वस्तूच्या भरवशावर.

जेवणं झाली. मी जरा शांत झालो आहे असं पाहून ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, मी रस्ता सांगू? फोटोसाठी हा फुटका चालते मले. बोलायसाठी आजीचा तो बटनवाला द्या न. तुमच्या कपाटात हाये न? चार-चार दिवस चार्जिंग पुरते त्याले, अन् उन्हाचं काई नाई. कमरेले बांधून ठेवीन."

तिला ठाऊक आहे तो चालू आहे. मीच ठेवला आहे चालू. मधे बॅटरी फुगली तर नवी टाकली, अधूनमधून चार्ज करतो, पुसतो, परत तुझ्या त्या पिशवीत घालतो. त्यात सिमकार्ड टाकलं की झालं, आजही लागेल. आमच्या दुकानदारालाही तो एकदा दाखवला होता, तो म्हणाला, असा पीस आता मिळणार नाही. तिनं शोधलेला रस्ता अगदी बरोबर होता. दुसरा कोणी बाप असता तर त्याच पावली घरी येऊन घेऊन गेला असता.

मी म्हणालो, "तो नको. खराब होईन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मग उठली, बूट घातले, तो रबर लावलेला फोन खिशात टाकला आणि भाऊंना हाक मारून गस्तीला गेली. मी फाटकातून ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो.

हे मी सुनेला सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी अजून पोरीवरच चिडलो आहे. तुझ्या फोनावर तुझ्या हाताचा एक ओरखडाही नाही, तू तो नीट धरलासुद्धा नव्हतास, तरी तो तुझा आहे आणि माझ्याच्यानं देववत नाही. उद्या द्यावा, परवा द्यावा, असं म्हणत आज बुधवार आला. काल संध्याकाळी पोरीचा फोन आला नाही. आता लावून पाहिला, बंद आहे. तुझा इथं माझ्यासमोर टेबलावर आहे, पूर्ण चार्ज केलेला.