आखणी होईपर्यंत

बाबा, यंदा डोळ्यांच्या आखणीला बसले तेव्हा माझा हात थरथरत होता. तुमचा थरथरायचा अगदी तसाच, अंगठ्यात सुरू होऊन ब्रशच्या टोकाला पोचणारा. समोर अठ्ठावीस गणपती, रंग पुरे झालेले, फक्त डोळे पांढरे. सकाळची वेळ, अंघोळ करून, उपाशीपोटी, तुमच्या शिस्तीप्रमाणे. आणि माझा हात काही थांबेना. मी ब्रश पाण्यात ठेवला आणि पहिल्यांदा तुमचा राग आला. इतकी वर्षं नुसती भीती वाटायची.

आपला कारखाना आहे तिथेच आहे, माकुणसारात, वाडीच्या तोंडाशी. कारखाना म्हटलं की बोईसरची माणसं अजून विचारतात, कुठल्या प्लॉटवर? मग सांगावं लागतं की आमच्याकडे धूर नाही, शाडूची माती आहे, आणि गिऱ्हाईक आपापला पाट आणून देतं, त्याच पाटावर आम्ही त्याचा गणपती बसवतो. तुम्ही असताना भिंतीला टेकून साठ-साठ पाट असायचे. मी शाळेतून आले की तुम्ही एकेक पाट दाखवून सांगायचात, हे घर कुठलं, त्यांना सोंड कशी लागते, कुणाची म्हातारी उंदीर छोटा झाला म्हणून रुसते. हे तुमच्या चांगल्या दिवसांतलं. वाईट दिवसांत तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडायचात. माती पिंपात सुकून जायची आणि आई गिऱ्हाइकांना काहीबाही सांगून परत पाठवायची. लोक तरी कुठे काही विचारत होते! कलाकार माणूस हाय, चालायचंच, असं म्हणायचे, आणि ते तुमचं कौतुकच असायचं. तापाच्या माणसाला कुणी कौतुकाने तापू देत नाही.

शेवटी आईनेच तुम्हाला पालघरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ही गोळी म्हणजे एका जातीचं मीठच आहे समजा. त्यावर आई घरी येऊन म्हणाली होती, दाराशी मिठागरं असून मिठासाठी पालघर गाठायला लागलं, नशीब! तुम्ही हसला होतात. ते वर्ष आपल्या घरातलं सगळ्यात साधं वर्ष. तुम्ही वेळेवर जेवत होतात, झोपत होतात, पाट वेळेवर परत जात होते. फक्त हात थरथरायचा, आणि तुम्ही गप्प असायचात. विचारलं तर हो, नाही. मी समोर बसून पाटांची नावं घ्यायचे आणि तुम्ही मान हलवायचात. त्या वर्षी मासवणचे एक जुने गिऱ्हाईक गणपती न्यायला आले, मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यंदा डोळ्यांत जीव नाय. झोपेत आखलंत काय?” मस्करीच केली त्यांनी. तुम्हीही हसलात. पण त्यानंतर वर्षभर तुम्ही स्वतःचा उजवा हात असा बघायचात, जसा दुसऱ्या कुणाचा तरी तुमच्याकडे ठेवायला दिलाय.

पुढच्या श्रावणात तुम्ही मला वाडीत विहिरीपाशी गाठलंत. मी सोळा वर्षांची. तुम्ही गोळ्यांची पाकिटं माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, “आखणी होईपर्यंत ठेव तुज्याकडं. हात हालतो, देव चकणा होतो. आईला सांगू नको.” मी ती कंपासपेटीत ठेवली, कर्कटकाच्या खाली.

आठवड्याभरात हात स्थिर झाला आणि तुम्ही बोलायला लागलात. मला अजून सगळं ऐकू येतं. तुम्ही मला डोळा शिकवताय: पापणीची रेघ आधी, मग बुबुळ, श्वास सोडताना ओढायची, करंगळी देवाच्या गालाला टेकवायची, तो काय रागावत नाय. तुम्ही नऊ दिवस जवळजवळ झोपलाच नाहीत. सकाळी मी उठून येते तर तुम्ही बसलेले आहात, डोळे लाल, चेहरा नुसता उजळलेला, आणि दहा नवे देव माझ्याकडे बघतायत. गावातली माणसं मुद्दाम बघायला आली. असे डोळे आजवर झाले नाहीत म्हणाली. मासवणचे तेच गिऱ्हाईक हात जोडून उभे राहिले. आखणी संपली, पाट गेले, एक सोडून. पाम गावातल्या एका घरात चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुतक आलं, म्हणून त्यांनी गणपती नेला नाही. तो पाटासकट फळीवरच राहिला.

अनंत चतुर्दशी झाली, पितृपक्ष लागला, आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. कसे, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे. लोक म्हणाले, सगळा जीव देवांच्या डोळ्यांत ओतला, उरलं काय? हे वाक्य आमच्या दारात इतक्या जणांनी म्हटलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. आईला मी बाराव्यानंतर कंपासपेटी उघडून दाखवली. तिने मारलं नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, “परत मागितल्या नाय त्यांनी?” मी म्हटलं, नाही. तिने त्या विहिरीमागे नेऊन पुरल्या आणि मरेपर्यंत तो विषय काढला नाही.

पामचा गणपती मी ठेवला. त्याच्यावर तुमचा पंचा टाकलाय. विसर्जन करून टाक म्हणून सगळे सांगून थकले, पण त्याची पूजाच झाली नाही तर विसर्जन कशाचं, असा माझा वाद. खरं कारण वेगळं होतं. मी त्याच्यावरून शिकत होते. दरवर्षी आखणीआधी पंचा उचलायचा, ते डोळे बघायचे, आणि तसेच काढायचे. लोक म्हणायचे, बापाचा हात आलाय. पंचा टाकला तरी ते डोळे आतून बघतायत असं मला कायम वाटायचं. त्या खोलीत मी कधी एकटी जेवले नाही.

यंदाच्याच आषाढात ते माझ्याकडेही आलं. अकरा दिवस मला झोप नव्हती आणि मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. लेक बोईसरला असते, औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात. तिला सारखे फोन करत होते म्हणून ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली, आणि वाडीत शिरताच थबकली. मी प्रत्येक माडाच्या बुंध्यावर डोळे काढले होते. चाळीस माड, ऐंशी डोळे, तेसुद्धा देवांच्या रंगाने. मी तिला म्हटलं, बघ, आता कुणी झोपणार नाही. ती रडली नाही. मला अंघोळ घालून पालघरला घेऊन गेली. तेव्हापासून मी तुमचीच गोळी खाते आहे, बाबा. हात थरथरतो. रात्री झोप लागते.

तर यंदा ब्रश पाण्यात ठेवून मी आत गेले, गोळ्यांचं पाकीट आणलं आणि लेकीपुढे धरलं. म्हटलं, आखणी होईपर्यंत ठेव तुझ्याकडे. वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं कुणाचं ते. तिला आपली गोष्ट ठाऊक आहे, मी सांगत आले तेवढी. ती शांतपणे म्हणाली, “तुला दिल्या तेव्हा तू सोळाची होतीस. मी सत्तावीसची आहे. मी नाही ठेवणार, आई.” मग तिनेच पामचा गणपती उचलला आणि अंगणात उजेडात नेला. मी नको नको म्हणत मागे. तिने पंचा काढला आणि म्हणाली, आता नीट बघ, कसे आहेत ते सांग.

इतक्या वर्षांत मी ते डोळे उन्हात पाहिलेच नव्हते. डावं बुबुळ चढलेलं आहे, बाबा. पापणीची रेघ एकदा ओढून परत तिच्यावरून गेली आहे, दोनदा, तीनदा, जणू रेघ संपू द्यायची नव्हती. ते नऊ दिवस न झोपलेल्या माणसाचे डोळे आहेत, आणि कुणीतरी आपल्याला झोपवावं म्हणून वाट बघतायत. मी त्यांना जिवंत समजत होते आणि आयुष्यभर अठ्ठावीस-अठ्ठावीस घरांत तेच पाठवत होते. मी अंगणातच बसले आणि लेकीसमोर मोठ्याने रडले.

आखणी मी गोळी घेऊनच केली. दिवसाला तीन-तीन मूर्ती, करंगळी गालाला टेकवून, श्वास सोडताना. रेघा थोड्या हलल्यात. मासवणच्या त्या गिऱ्हाइकाची सून न्यायला आली, बघून म्हणाली, यंदा देव जरा दमल्यासारखा हाय, पण बरा हाय, घरातला वाटतो. पामचा गणपती आम्ही दोघींनी केळव्याच्या समुद्रात सोडला, तुमच्या पंच्यासकट. पाट ठेवून घेतलाय. त्याच्यावरच हा कागद ठेवून लिहिते आहे.

लिहून झालं की फाडणार आहे. लेकीने वाचायला नको, कारण एक गोष्ट मी तिलाही खोटी सांगितली आहे आणि आईलाही. तुम्ही गोळ्या परत मागितल्या होत्या. त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मी केस विंचरत होते, तुम्ही दारात येऊन म्हणालात, “ती पाकिटं दे गे, बस झालं आता.” मी म्हटलं, संपली. कंपासपेटी माझ्या मांडीजवळच होती. सगळं वर्ष तुम्ही गप्प होतात, बाबा, आणि तेव्हा कुठे माझ्याशी बोलायला लागला होतात.