मागाचा खड्डा

नागपूर, १९८४. मंगळवार, संध्याकाळ

काय करून बसले बाबा! अजून विश्वास बसत नाही.

आज सदर बाजारात मुंबईच्या त्या सँडविच कंपनीच्या माणसाला भेटलो. घराच्या समोरच्या खोलीत, बाबांचा हातमाग आहे तिथं, दुकान, पाटी त्यांची, मेहनत आमची, हे महिनाभर डोक्यात घोळत होतं. आज तो सहज म्हणाला, चटणीसुद्धा मुंबईहून येईल, तुमच्या घरची चालणार नाही. तिथंच मन उडालं. नाही म्हणायचं ठरवलं आणि हलका होऊन घरी आलो. बाबांना सांगणार होतो, तुमचा माग राहू द्या.

खोलीत शिरलो तर माग नाही! लाकडं सोडवून भिंतीला टेकवलेली. आणि विणताना बाबा ज्यात पाय सोडून बसायचे तो खड्डाही नाही. माती भरून, चोपून, सपाट. नवी माती तेवढी वेगळी दिसते.

"बाबा, हे काहून केलं?"

"तुले दुकान टाकाचं हाये ना? मंग खड्डा कसा ठेवाचा गा? गिऱ्हाईक पडन त्यात."

महिनाभर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, रुसले आहेत. खड्डा बुजवायचं चाललं होतं का मनात? आजोबांनी खणलेला खड्डा! आता नाही कसं म्हणू? कोणत्या तोंडानं?

हे लिहून राहिलो तर बाबा समोर त्याच जागी भाकर खात बसले आहेत. मांडी घालून. तिथं त्यांना मांडी घालून बसलेलं मी आज पहिल्यांदा पाहतो आहे.