शेपूट धरायचा मान

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९५४. सकाळी सात.

नवी सायकल पावतीवर अठ्ठावीस हजार फ्रँकची. दिवा, कॅरिअर आणि पहिल्याच उतारावर फाटलेली विजार धरली, तर तीस. शिवाय माझं स्वतःचं चौदा किलो मांस. चार महिन्यांत ब्याण्णवचा अठ्ठ्याहत्तर झालो, हे मी काल कॅफेत सगळ्यांना ऐकवलं.

ऑक्टोबरात इथली गिरणी लिलावात घेतली. पंक्चर काढत मोठा झालेला माणूस मी. समोरचा बोली किती ताणेल ते त्याच्या श्वासावरून ओळखतो. पण तेव्हापासून या खोऱ्यात कुणी धड बोलत नाही. मान हलवतात, की झालं. काल मात्र गावोगाव डुकरं कापत फिरणारा फिर्मँ आपणहून माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, उद्या तीन गावं करायचीत, चला की गिरणीवाले, शेपूट धरायला. नवख्यानं शेपूट धरलं, की मग त्याला कुणी बाहेरचा म्हणत नाही. या आमंत्रणाची मी चार महिने वाट पाहिली.

साडेनऊ. व्हाल्मेज.

फिर्मँ पुढे, मी मागे. त्याच्या कॅरिअरवर गोणपाटात सुऱ्या. खड्ड्यात चाक गेलं की वाजतात. शेतं हिमकणांनी पांढरी. सुंदर सकाळ.

चौघांनी डुकरीण आडवी केली. मी शेपूट धरलं. फिर्मँनं कुलपात किल्ली घालावी तशी सुरी गळ्याखाली घातली. रक्त घंगाळात पडत होतं आणि एक म्हातारी ते गोठू नये म्हणून कोपरापर्यंत हात घालून ढवळत होती. डुकरिणीची लाथ बसून माझा ओठ फाटला. सगळे हसले. गिरणीवाल्यानं सोडलं नाही हं, म्हातारी म्हणाली. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फिर्मँ नजरेनं वजन सांगतो. म्हणाला, एकशे एकाहत्तर. काट्यावर तेवढंच भरलं. मग माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, अठ्ठ्याहत्तर का? कपड्यांसकट, की सोलून? पुन्हा हशा.

साडेबारा. ला रूसेल.

बढती मिळाली: मागचा पाय. पण हे डुक्कर फिर्मँनं वाईट मारलं. तीनदा सुरी घातली, तीनदा काढली, आणि बघत होता माझ्याकडे. माझा शर्ट भिजून जड झालाय.

कढईपाशी दोघं कुजबुजत होते. माझे कान तिखट. फिर्मँचा भाऊ एमिलियँ, लिलावात माझ्याविरुद्ध बोली लावणारा, कामासाठी तुलूजला गेला असं मला सांगितलं होतं. तो कुठेही गेलेला नाही. बोली थांबली त्याच दिवशी गिरणीच्या तुळईला लटकला. माझ्याच तुळईला.

परत फिरायचं ठरवलं. पुढचं टायर बसलेलं. पंक्चर मला कळतं. हा पात्याचा काप आहे. फिर्मँ म्हणाला, पुढच्या गावी माझ्या वहिनीकडे टायर आहे, ढकलत चला. दोन्ही गावची माणसं बरोबर निघाली. पुढे सहा, मागे सात.

चार. पेरग्राँ.

एमिलियँच्या विधवेचं घर. नोएली तिचं नाव. पाणी उकळतंय. बाक, दोर, शिडी, घंगाळ, सगळं तयार. डुकराचा गोठा मात्र धुतलेला, कोरडा. पेंढासुद्धा नाही.

डुक्कर कुठाय, मी विचारलं.

या वेळी कुणी हसलं नाही. नोएली बाह्या वर सारायला लागली —

त्यानंतर. लाकडाच्या खोपीत.

सायकलच्या पंपानं मी एकाचं तोंड फोडलं. दात पडल्याचा आवाज आला. मग सगळे मिळून — डाव्या हाताची दोन बोटं उलटी फिरलीत. उजव्यानं लिहितोय.

ओरडून सांगितलं, गिरणी घ्या, फुकट घ्या. नोएली दाराशी आली. शांतपणे म्हणाली, गिरणी घेऊन काय करू, तुळई तर तीच राहणार.

सुरी घासण्याचा आवाज. एक घासणं, एक थुंकणं.

मघाशी काखेत दोर घालून त्यांनी मला काट्याला टांगलं होतं. माझ्या वजनावर पैजा लागल्या. फिर्मँ एकटाच बरोबर —

कडी निघतेय —

कोट-बूट काढून एक्क्याण्णव भरलो, अठ्ठ्याहत्तर न