फीत न कापता उघडलेला वॉर्ड

मी शिवगंगाबाई, लिंगैक्य म्हणजे कैलासवासी कल्याणप्पा बिराजदार यांची पत्नी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती आणि सध्या दार अडवून झोपणे, राहणार नागरवाडी, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. इथल्या दवाखान्याच्या डॉक्टर धुमाळांनी तपासून तसा दाखला दिला आहे. माझा मुलगा शिवप्पा याचे मत वेगळे आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून वळवलेले नाही. लिहिणारे रामकिसन उमरग्याच्या कचेरीबाहेर बसून दस्त लिहितात. ते मला सारखे अडवतात आणि म्हणतात, "अव्वा, हे कायद्यात लिवत न्हाईत." मी त्यांना सांगितले आहे की कायद्यातले तुम्ही घाला, बाकीचे मी सांगते तसे उतरवा.

कलम पहिले. राहते घर, विहिरीवरचे रान आणि बैलजोडी शिवप्पाला. विहिरीला यंदा पाणी नाही, त्याला माझा इलाज नाही. शिवप्पा साखर कारखान्याचा संचालक आणि दवाखाना निधी समितीचा अध्यक्ष आहे. त्याने लोकांच्या पैशाला कधी हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगते. चोर असता तर पकडता तरी आला असता. त्याचे दुखणे निराळे आहे. हार, फीत आणि पाहुणा असल्याशिवाय एखादे काम झाले असे त्याला वाटतच नाही. घरात गोबरगॅसची शेगडी आली तेव्हाही चहा ठेवायला सभापती येईपर्यंत आम्ही ताटकळलो होतो.

कलम दुसरे. माझी बोरमाळ मुरुमला दिलेली लेक महानंदा हिला. गळ्यातले लिंग माझ्यासोबत समाधीत. कारखान्याचा माझ्या नावचा शेअर सून पार्वतीला. सभासदाला सणाला स्वस्त साखर मिळते आणि वार्षिक सभेत हात वर करता येतो. आजवर ती दोन्ही गोष्टींसाठी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत आली. यापुढे तिने सभेला जाऊन हात वर करावा, जमल्यास नवऱ्याच्या विरुद्ध.

कलम तिसरे. सडकेला लागून असलेली वीस गुंठे जागा. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून हे कलम लांबेल.

माझी थोरली मुलगी नीला पाच वर्षांची असताना तिचा घसा धरला. सोलापूरला नेताना नळदुर्गच्या अलीकडे ती माझ्या मांडीवर गेली. इतकी वर्षे झाली, ती सडक मला अजून नकोशी वाटते. म्हणून कारखान्याने जुन्या दवाखान्याशेजारी मुलांचा वॉर्ड बांधायचा ठराव केला तेव्हा, जागा मी देते, असे मी आपण होऊन म्हणाले.

पैसा उभा राहिला, हे मान्य केले पाहिजे. सभासदांच्या उसाच्या बिलातून टनामागे कपात झाली, सूतगिरणीने दिले, सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी दिले. एका पंपाच्या कंपनीने खाटा दिल्या आणि प्रत्येक खाटेच्या उशाशी आपल्या पंपाचे चित्र काढून घेतले. एका बियाण्याच्या कंपनीने भिंतीवरची घड्याळे दिली, इतकी की मान कुठेही वळवली तरी वेळ कळते. सलाईनची बाटली अडकवायचे स्टँड मात्र कोणी दिले नाहीत. त्या सळईवर देणाऱ्याचे नाव मावत नाही.

इमारत दोन वर्षांपूर्वी पुरी झाली आणि तिला कुलूप लागले, कारण उद्घाटन व्हायचे होते. एका मंत्र्यांची तारीख मिळाली तर त्यांचे मंत्रिपद गेले. दुसऱ्यांच्या वेळी निवडणूक लागली. तिसरे पितृपक्षात मोकळे होते, ते समितीला चालेना. यंदा पाऊस गेला, तर दुष्काळात समारंभ बरा दिसत नाही असे ठरले. दुष्काळात पोरे तडफडलेली बहुधा बरी दिसत असावीत. दर बैठकीला मला मात्र एक शाल मिळत राहिली.

या उन्हाळ्यात विहिरींचा तळ लागला आणि लोक गाळ गाळून पिऊ लागले. हगवणीने पोरांची रांग लागली. जुन्या दवाखान्यात जागा नाही, म्हणून पोरे व्हरांड्यात, पोत्यावर. केशरबाई कांबळे सिस्टर खिडकीच्या गजांना बाटल्या बांधून एकेकाजवळ बसत होती. पाझर तलावाच्या कामावरची विठाबाई आपले पोर घेऊन तिथेच होती. पोराचे डोळे आत गेलेले, रडायचेही त्राण नाही. समोरच्या नव्या इमारतीकडे बघून तिने मला विचारले, "अव्वा, ह्या बंगल्यात कोण ऱ्हातंय?" लाजेने माझी मान वर होईना.

मी तशीच शिवप्पाकडे गेले आणि चावी मागितली.

"अव्वा, जरा दम धर की. फीत कापायच्या आदी पोरं आत घातली तर देणगी दिलेली मानसं काय म्हनतील? कोनशिलेवर तारीख बी कोरायची ऱ्हायलीय."

"पोरं मरायला लागलीत रं."

"तेच म्हनतोय म्या. एकदा तारीख मिळू दे."

दगडावर डोके आपटले तर डोकेच फुटते. मी रामकिसनकडे गेले, आणि तिथे कळले की समितीने स्वतःच्या हाताने स्वतःचे नाक कापले आहे. जागेचे बक्षीसपत्र माझ्याकडून स्टेजवर, पाहुण्यांसमोर, फोटो काढून घ्यायचे होते. म्हणून ते नुसते लिहून ठेवले, नोंदवलेच नाही. सातबाऱ्यावर आजही माझेच नाव आहे. रामकिसन म्हणाले, "अव्वा, जागा तुमची, तर तिथलं दार बी तुमचंच." गेल्या सोमवारी मी तात्याराव लोहाराला घेऊन गेले आणि कुलूप तोडून घेतले. केशरबाईने आधी मलाच पाय धुऊन यायला लावले, मग फरशी पुसली, मग पोरे आत घेतली. विठाबाईचे पोर आता ताकभात खाते आणि सुई दिसली की केशरबाईला लाथा मारते. इतके बरे वाटले मला, की मी तिथेच बसून रडले.

आणि काल शिवप्पा हसत हसत आला. "अव्वा, वीस तारीख पक्की झाली. तवर पोरं व्हरांड्यात ठिवू, रंगाचा एक हात मारून घिऊ. फीत कापली की परत आणू."

तेव्हापासून मी माझी खाट दाराला लावून घेतली आहे. मला उचलल्याशिवाय दार लागत नाही. पण मी किती दिवस पुरणार?

म्हणून ही जागा आणि तिच्यावर उभे असलेले सर्व काही मी माझ्या पश्चात आजारी मुलांसाठी डॉक्टर धुमाळ व केशरबाई कांबळे यांच्याकडे विश्वस्त म्हणून देते. लिहून ठेवलेले बक्षीसपत्र रद्द समजावे. ज्या दिवशी कोणत्याही समारंभासाठी एक जरी पोर बाहेर काढले जाईल, त्या दिवशी ही जागा माझ्या मुरुमच्या जावयाची होईल. तो तिथे गुरांचा बाजार भरवणार आहे. शिवप्पाचे आणि त्याचे बोलणे नाही, म्हणून हे कलम पाळले जाईल अशी माझी खात्री आहे.

कलम चौथे. मला मिळालेल्या शालींचे खिडक्यांना पडदे शिवावेत, दुपारचे ऊन पोरांच्या तोंडावर येते. एक घड्याळ ठेवून बाकीची विकावीत आणि स्टँड घ्यावेत. मंत्र्यांना यायचे असल्यास त्यांनी भेटीच्या वेळेत, चपला बाहेर काढून यावे.

कलम पाचवे आणि शेवटचे. डॉक्टर म्हणतात माझे काळीज थकले आहे. या दाराजवळच्या खाटेवरच मी गेले, तर मला लगेच उचलावे आणि अंत्यविधीला जंगमस्वामी येईपर्यंत बाहेर व्हरांड्यात आमच्या रीतीप्रमाणे बसवून ठेवावे. मला तेव्हा उन्हाचा त्रास होणार नाही. खाट पुसून, चादर बदलून, जे पोर बाहेर वाट बघत असेल ते तिच्यावर घ्यावे. शोकसभा त्याच्यानंतर.

हे ऐकून उशाशी उभा असलेला शिवप्पा म्हणाला, "अव्वा, असलं अभद्र कशाला लिवायलीस?" मी म्हटले, "मग पोरं आतच ऱ्हाऊ दे आन् मला खोटं पाड." तो एकेका खाटेजवळ थांबत वॉर्डभर फिरून आला.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. माझ्या बोलण्यातले काही गाळलेले नाही, हे ऐकून खाली अंगठा केला आहे.

शिवगंगाबाई कल्याणप्पा बिराजदार, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार:
तात्याराव लोहार, सही
विठाबाई, पाझर तलावावरील मजूर, अंगठा

लिहिणार: रामकिसन, दस्तलेखक, उमरगा

ठिकाण: मुलांचा वॉर्ड, दाराजवळची खाट
तारीख: ११ मे १९८६

शिवप्पा कल्याणप्पा बिराजदार: समक्ष ऐकले. हरकत नाही. वीस तारखेचा कार्यक्रम कारखान्याच्या आवारात घेऊ.